दोन पाण्यांचा मोरस

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला भिवंडीच्या ब्राह्मण आळीत हाक यायची, "मोरस घ्या, मोरस! दोन पान्याचा!" आळीत नव्यानं बिऱ्हाड केलेला माणूस ती ऐकून गोंधळायचा. भाजी जुडीची असते, वाट्याची असते, ही पाण्याची कसली? मग शेजारीण मोठ्या कौतुकानं सांगायची, की अहो, ही आमची रंगूबाई. हिचा मोरस घ्या आणि ती म्हणेल तेवढी पाणी फेका. एक कमी नको, एक जास्त नको.

आता मोरस म्हणजे काय, हे आधी सांगायलाच हवं, कारण खाडी सोडून चार कोस आत गेलात की या भाजीला कुणी ओळखही दाखवत नाही. मिठागरांच्या कडेला, खाऱ्या जमिनीतल्या बांधांवर हे बुटकं झुडूप उगवतं. पानं बारीक, पण जाड आणि रसरशीत. थंडीपासून चैत्र-वैशाखापर्यंत त्याला कोवळे शेंडे फुटतात. ते खुडायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, पाणी फेकायचं आणि पाला मुठीत घट्ट पिळायचा. मग लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली चणाडाळ, वर ओलं खोबरं. आगऱ्याच्या घरात डाळीऐवजी जवळा पडतो आणि खरं सांगायचं तर भाजी जवळ्यातच जास्त खुलते, पण ते आळीत बोलायची सोय नाही. आणि मीठ? मीठ औषधालासुद्धा घालायचं नाही. ते खाडीनं आधीच घालून ठेवलेलं असतं. नव्या सुनेनं मोरसात मीठ घातलं की सासरची माणसं पुढची दहा वर्षं तिला त्यावरून हसत.

पण खाडीनं किती घातलंय, ते कसं कळायचं? भरती जिथं पोचते तिथला मोरस चारचार वेळा उकळून पाणी फेकल्याशिवाय तोंडात धरवत नाही. बांधाच्या आतल्या अंगाचा दोन पाण्यांत गोड होतो. जास्त पाणी फेकलंत तर बसा गवत चघळत. वरून बघून त्यातलं काहीएक समजत नाही. रंगूबाई एक शेंडा तोडून दाताखाली धरायची, क्षणभर डोळे मिटायची, आणि सांगायची: एक पानी, दोन पानी, नायतर चार. पंचवीस वर्षांत तिचा आकडा चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ही जीभ तिला फुकट मिळाली नव्हती. मानकोलीत लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला बांधावर नेलं आणि पहिल्याच दिवशी मिसरीची डबी तिच्या हातातून काढून घेतली. गावातली एकूणएक बाई मिसरी लावायची. सकाळी ओट्यावर बसून दात घासत गप्पा मारायच्या, तेवढंच त्यांचं सुख. रंगूबाईनं ते सोडलं. पान सोडलं. चहा बशीत ओतून निवेपर्यंत बसून राहायची, का, तर गरम घोटानं जीभ भाजेल. नवरा सावळाराम चेष्टा करायचा, की जिभेला एवढं जपतेस, तेवढं मला जप. तो बिचारा मिठागरावर काम करता करता एका उन्हाळ्यात गेला. पोरगी काशी नि पोरगा नामा, दोघांना तिनं याच पाटीवर वाढवलं. काशीला अकलोलीत दिली. नामा भिवंडीत लूमवर लागला, आणि त्याची बायको चंद्रा तिथंच सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. चंद्राला बांधावर येण्यात रस नव्हता, आणि तिला दोष तरी कसा द्यावा. कारखान्यात डोक्यावर छप्पर होतं.

तर अशी ही रंगूबाई, चौऱ्याहत्तर सालच्या माघात तापानं पडली. चार दिवस काढे झाले, मग दवाखान्यात नेलं, विषमज्वर निघाला. एकवीस दिवस ताप उतरला नाही. वाचली, हेच नशीब. हाडांची मोळी झालेल्या आईला काशी येऊन अकलोलीला घेऊन गेली. तिथल्या गरम कुंडांच्या पाण्यानं अंग मोकळं होईल, म्हणाली. होळी रंगूबाईनं लेकीकडेच बघितली.

तिथंच तिला कळलं. पेज संपून पहिल्यांदा जेवायला मिळालं, त्या दिवशी काशीनं हौसेनं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. रंगूबाईनं घास घेतला नि लेकीवर डाफरली, की मीठ विसरलीस, एवढी वर्षं माझ्या हाताखाली काय शिकलीस? काशीनं चाखून बघितलं. मीठ होतं, जरा जास्तच होतं. नातवंडं मिटक्या मारत जेवत होती. काशी पाण्याला गेल्यावर रंगूबाई चुलीपाशी सरकली, मिठाच्या बरणीत हात घातला आणि चांगले चार खडे जिभेवर ठेवले. ते वाळूसारखे कचकचले आणि विरघळून गेले. खारट लागलं नाही. काहीच लागलं नाही.

तापानं तोंड गेलंय, येईल हळूहळू, असं तिनं स्वतःला सांगितलं. काशीला सांगितलं नाही. कुणालाच नाही. काय सांगायचं? सुताराचा हात तुटला तर दिसतो, चार माणसं हळहळतात. जीभ मेली तर तोंड मिटलं की झाकता येतं. तिनं मिटलं. पाडव्याला मानकोलीत परत आली, तोवर रोज सकाळी चोरून मीठ चाखायची आणि रोज सकाळी बरणीचं झाकण परत लावून ठेवायची.

ब्राह्मण आळीत तिची एवढी वाट बघणारं एक घर होतं, त्याची गोष्ट आता सांगतो. तिथं तात्या राहायचे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, बायको जाऊन दहा. मुलगा श्रीनाथ शाळामास्तर आणि सून सरला. ही सरला म्हणजे कामाला वाघीण. दिवाळीत तात्यांच्या पायांवर सूज आली, डॉक्टरांनी मूत्रपिंडं थकली म्हणून सांगितलं आणि मीठ बंद केलं. बंद म्हणजे बंद. त्या दिवसापासून सरला सासऱ्यांचा स्वयंपाक वेगळ्या पातेल्यांत करायची, आणि हात चुकून मिठाला लागला असेल म्हणून तो धुवून मगच त्यांची कणीक भिजवायची. तात्या मात्र जेवणावर रुसले. ताट ढकलायचे, लहान पोरासारखे तोंड फिरवायचे. अंगावरचं मांस उतरत चाललं.

त्या हिवाळ्यात सुरुवातीचा मोरस घेऊन रंगूबाई आली, तेव्हा सरलेनं तिला सगळं सांगितलं. रंगूबाई म्हणाली, की मी सांगेन त्याच्यावर एक पानी आणखी फेका. मीठ निघून जाईल, पण जिभेला आठवण राहील. सरलेनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कुरकुरत आठवड्यातून एकदा, मूठभर, अशी परवानगी दिली. आणि तात्या जेवले! तेव्हापासून बुधवार ठरला. तात्या आठ वाजल्यापासून ओटीवरच्या खुर्चीत येऊन बसायचे, नजर कोपऱ्यावर.

माघात रंगूबाई पडली आणि सगळंच थांबलं. दुसरीचा मोरस सरला घेईना. दुसरीच्या आकड्यावर तिचा भरवसा नव्हता. त्यामुळे पाडव्यानंतरच्या पहिल्या बुधवारी रंगूबाई आळीत जाणार, हे सगळ्यांनी धरलं होतं. रंगूबाईनंही धरलं होतं. प्रश्न एकच: आकडा कुठून आणायचा?

आदल्या सकाळी तिनं चंद्राला एक शेंडा दिला, कसा लागतो विचारलं. चंद्राची सातची शिफ्ट, डबा भरायचा राहिलेला. मोरस हाय तो, खारा न्हाय लागनार तर काय, म्हणाली नि गेली. बरोबरच होतं तिचं. खारा सगळाच असतो, किती खारा ते कळायला पंचवीस वर्षं लागतात.

तेव्हा रंगूबाईनं जागेवर भिस्त ठेवली. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी फळीची मोरी ठेवतात, तिला उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या आतल्या अंगाचा मोरस सासूच्या काळापासून दोन पाण्यांचा. दुष्काळ येवो की पूर, तिथला आकडा कधी बदलला नव्हता. जीभ नसली तरी जागा तर आहे, असं म्हणून ती तिथंच खुडायला बसली. शेंड्यांवर या वर्षी लाली जरा जास्त दिसत होती. लाल मोरस म्हणजे खार चढलेला मोरस, हे तिनं स्वतःच काशीला शिकवलं होतं. पण माणसाला जे नको असतं ते डोळ्यांना दिसूनही दिसत नाही. चैत्राचं ऊन लागलंय, असं म्हणून तिनं पाटी भरली.

सरलेनं दारातच विचारलं, किती पाणी? रंगूबाईनं शेंडा दाताखाली धरला, डोळे मिटले, अगदी नेहमीसारखे, आणि दोन म्हणाली. सरलेनं तीन फेकली. नैवेद्याआधी चाखायची त्या घरात रीत नव्हती, आणि मोरस यायचा तोच तात्यांपुरता मूठभर, ती भाजी दुसऱ्या कुणाच्या ताटात जायची नाही. त्या दिवशी तात्यांनी ताट चाटूनपुसून घेतलं. पुढच्या बुधवारीही तेच. आळीतल्या बाकीच्या घरांत भाजी खारट लागली, तर बायकांनी उकळण्यात आपलंच काही चुकलं असं धरलं; रंगूबाईचा आकडा चुकेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. सरलेचा आनंद गगनात मावेना. तुमच्या हाताला गुण आहे, असं ती रंगूबाईला म्हणाली, आणि रंगूबाईला हायसं वाटलं. जागेनं तारलं म्हणायचं!

तिसऱ्या बुधवारी सरला आत भांडं आणायला गेली, तेव्हा तात्या खुर्चीतून पुढे वाकले.

"रंगू, तुझी जीभ गेली ना?"

रंगूबाईच्या हातातली जुडी पाटीत पडली.

"पहिल्याच बुधवारी कळलं मला. तीन पाणी फेकूनही भाजी खारट होती. चांगली खारट. तुझ्याकडून असं कधी झालं नसतं." तात्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "मी कुणाला सांगणार नाही. तूही सरलेला काही सांगू नकोस. सहा महिन्यांनी मिठाचं जेवलोय गं मी."

तेवढ्यात सरला आली. रंगूबाईनं मोरस दिला, काय बोलली ते तिचं तिलाही आठवत नव्हतं, आणि ती आळीतून निघाली ती थेट मानकोलीच्या बांधावर आली. उघाडीपाशी दामू चिखल थापत होता. दामूकडे बांधाची राखण. तिनं विचारलं, की इथं या वर्षी काही झालं का. दामू हसला. होळीच्या उधाणात खांड गेली होती, म्हणाला. बांध फुटून आठ दिवस खाडीचं पाणी आत नांदत होतं, सगळ्या गावानं मिळून मग बुजवली. तुला कुणी सांगितलं न्हाय? कोण सांगणार! खांड दरवर्षी कुठे ना कुठे जाते. ज्यानं पाहिली नाही त्याला बोलावून सांगावं, अशी ती बातमी नव्हे. आणि रंगूबाईला तर कुणी सांगायची गरजच नव्हती. एक शेंडा चावला की तिला कळलं असतं.

ती बांधावर बसली. उन्हं कलली तरी बसली. आता सगळं समोर लख्ख होतं. चार पाण्यांचा मोरस ती दोन पाण्यांचा म्हणून विकत होती, आणि तोही अशा माणसाला, की ज्याला मीठ म्हणजे विष. उघाडीचा आकडा गेला, तसे बाकीच्या जागांचेही गेले असतील. खाऱ्या पाण्याला कोण अडवणार? म्हणजे जागाही गेली. आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी तिनं मन घट्ट केलं आणि सरलेला चार पाणी सांगितली. ऊन वाढलं, खार चढला, म्हणाली. सरलेनं पाच फेकली. त्या दिवशी तात्यांनी एक घास घेतला, ताट बाजूला सारलं आणि पुढचे तीन दिवस नुसत्या ताकावर काढले. त्यांनी हट्टच धरला. सरलेनं हात जोडले, श्रीनाथ रागावला, काही उपयोग झाला नाही.

हे सगळं सरलेनं त्याच्या पुढच्या बुधवारी रंगूबाईच्या पुढ्यात ओतलं. रडवेली झाली होती. आणि जाता जाता बोलली, मुद्दाम नाही, पण बोलली: "रंगूबाई, तापानंतर तुमचा अंदाज चुकत तर नाही ना? खरं सांगा हो. चुकत असेल तर मी सगळ्यांना सांगून ठेवते, म्हणजे कुणाची गैरसोय नको." एवढं म्हणून ती चुलीवरचं दूध बघायला आत पळाली.

ओटीवर तात्या आणि रंगूबाई उरले. तात्यांचे पाय पाटावर ठेवलेले होते. घोटे दिसत नव्हते, एवढे फुगलेले. रंगूबाईला ते बघवेनात. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर ज्यानं लोकांचे अर्ज वरखाली केले, तो माणूस पाटीवाल्या बाईपुढे रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"पेपर वाचता येत नाही, देवळापर्यंत चालवत नाही," ते म्हणाले. "बुधवारची वाट बघण्याएवढंच राहिलंय. ते तू काढून घेऊ नकोस."

"तात्या, पाय बघा तुमचं. म्या तुमचा जीव घेतेय."

"माझा जीव माझ्या वयानं घेतलाय. तू फक्त दोन म्हण."

सरला बाहेर आली आणि तिनं विचारलं, आज किती पाणी? रंगूबाईनं शेंडा तोंडात धरला. डोळे मिटले. आणि म्हणाली, "दोन."

दया आली म्हणून म्हणाली का? आली होती, खरंच आली होती. पण नुसती दया असती तर बरं झालं असतं. सरलेचं ते वाक्य तिच्या कानात वाजत होतं. सगळ्यांना सांगून ठेवते. उद्या आळीभर झालं की रंगूबाईची जीभ गेली, मग ती कोण? इतर दहाजणींसारखी एक पाटीवाली. पंचवीस वर्षं गार चहा प्यालेली बाई. तिची दया आणि तिची भीती, दोघी एकाच वेळी तोंड उघडून बोलल्या, आणि त्यातली मोठी कुठली हे तिनं पुढे कितीही घोळवलं तरी तिला ठरवता आलं नाही.

असे दोन बुधवार गेले. तात्या खुशीत होते. ती ओटीवर आली की भुवई उडवायचे, आपलं दोघांचं गुपित असल्यासारखे. रंगूबाई खाली बघायची. तिसऱ्या बुधवारी ती आळीच्या तोंडाशी आली तर तात्यांच्या दारात माणसं उभी होती, उपरणी खांद्यावर, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि भिंतीला दोन हिरवे बांबू टेकवलेले होते. पहाटे श्वास कोंडला नि गेले. रंगूबाई तिथूनच वळली. वाटेत नाल्यात तिनं पाटी उलटी केली, सगळा मोरस सोडून दिला, आणि रिकामी पाटी घेऊन सात मैल चालत घरी आली.

लोक म्हणाले, बहात्तर वर्षांचे होते, सुटले. डॉक्टरही म्हणाले, की असंही सहा-आठ महिन्यांपलीकडे नव्हतं. रंगूबाईवर बोट कुणी दाखवलं नाही. कोण दाखवणार? पण तिला दुसऱ्या कुणाच्या बोटाची गरजही नव्हती. तिनं भाकरी कमी केली. मग चंद्रा ओरडली म्हणून परत खायला लागली, पण खाते काय, तर चिखल. पाय दुखतात असं सांगून बांधावर जायचं तिनं सोडलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मात्र तिला राहवलं नाही. सरलेला भेटायला जायलाच हवं होतं. न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. रिकामं जायला नको म्हणून शेतातली घोळीची भाजी खुडून पाटी भरली. घोळीला जीभ लागत नाही. मोरस घेतला नाही.

सरला तिला बघून ओटीवरच बसली आणि ढसाढसा रडली. रंगूबाईचे हात तिनं हातात घेतले. म्हणाली, की तात्यांचे शेवटचे दिवस तुमच्यामुळे गेले. मी सात महिने त्यांना अळणी खायला घातलं, माझ्या हातचा घास ते नाइलाजानं गिळायचे, मला दिसायचं ते. पण बुधवारी ताट पुसून घ्यायचे. तेवढं एक मला समाधान आहे, की कधी त्यांना मीठ दिलं नाही आणि तरी त्यांना चवीचं खाऊ घातलं. रंगूबाई ऐकत होती. तिला वाटलं, ही जमीन आत्ता दुभंगली तर बरं.

मग डोळे पुसून सरला म्हणाली, की तुमचं नाव मी आणखी एका घरी सांगितलंय. मागल्या गल्लीतली सुनीती. सातवा महिना, अंगावर सूज आलीय, डॉक्टरांनी मीठ तोडलंय, पोरीला काही जात नाही. तुम्ही येईनात म्हणून काल तिच्या सासूनं दुसरीकडून मोरस घेतला. मानकोलीच्या उघाडीचा आहे, असं विकणारी म्हणाली. मग मी त्यांना सांगितलं, की उघाडीचा असेल तर दोन पाण्यांचा, वर एक आपलं. रंगूबाईंच्या शब्दावर डोळे मिटून करा. आज दुपारी करणार आहेत.

रंगूबाई गप्प राहिली असती तरी चाललं असतं; इतके दिवस चाललंच होतं. मोसम संपत आला होता, तिची जीभ मेल्याचं ज्या एका माणसाला माहीत होतं तो जळून गेला होता.

"सरलावयनी, त्यांना न्हाय म्हनून सांगा," ती म्हणाली. "उघाडीचा मोरस चार पान्याचा झालाय. होळीला खांड गेली तवापासून. माजी जीभ मेलीय, वयनी. तापात मेली. म्या तुमाला खोटं सांगत हुते."

सरलेनं तिचे हात सोडले. ती काहीतरी मोजत असल्यासारखी ओठ हलवत होती. पाडव्यानंतरचे बुधवार मोजत असावी. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मग तिनं एकच विचारलं:

"तात्यांना कळलं होतं?"

हो म्हटलं असतं तर रंगूबाईचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. हो, कळलं होतं, त्यांनीच मला गळ घातली. आणि ते खरंच होतं. पण समोर ही बाई बसली होती, जिनं हात धुवून धुवून सात महिने त्यांची कणीक भिजवली होती. तिला हे कळायचं, की सासरा तिनं वाढलेल्या ताटावर बसून तिलाच फसवत होता, आणि तिच्या हातचं अळणी खाऊन जगण्यापेक्षा त्यानं मरण पत्करलं?

"न्हाय," रंगूबाई म्हणाली. "त्यांना काय कळनार? माज्या शब्दावर जेवत हुते."

सरला उठली. एक चप्पल पायात, दुसरी हातात, अशी धावत मागल्या गल्लीकडे गेली. तिनं रंगूबाईकडे वळून बघितलं नाही.

भाजीवाली निघाली की कुणीतरी तिच्या पाटीला हात लावायचा आणि ती डोक्यावर चढवून द्यायची, ही आळीची रीत होती. एकटीला भरलेली पाटी डोक्यावर घेता येत नाही. समोरच्या दारात एक बाई उभी होती, तिनं सगळं ऐकलं असणार. रंगूबाईनं तिच्याकडे बघितलं, तशी ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. रंगूबाईनं दोनदा पाटी गुडघ्यापर्यंत उचलली, दोन्ही वेळा खाली ठेवली. मग निम्मी घोळ काढून तिनं ओटीच्या पायरीवर ठेवली, तेव्हा कुठे पाटी डोक्यावर गेली. ती घोळ संध्याकाळपर्यंत पायरीवर सुकत पडली होती. कुणी उचलली नाही.